त्रेपन्न कपाळं

माझ्या नवऱ्याच्या आधी माझ्या सासूबाईंना त्रेपन्न मुलगे झाले, असं माझा नवरा म्हणतो. सगळे अमेरिकन, बहुतेक मिशीवाले, आणि सगळेच्या सगळे सीरियलच्या खोक्यातून निघालेले.

सारा दुपारची झोपलीय. आमची दोन वर्षांची सारा झोपते ती माझ्यावर उपकार केल्यासारखी, त्यामुळे कुठल्याही मिनिटाला उपकार मागे घेतले जातील. तेवढ्यात सांगून घेते.

सासूबाईंचं नाव आशा, मी त्यांना आई म्हणते. सासरे पुरुषोत्तम, विमानांच्या इंजिनांतले इंजिनियर. ब्रिस्टलला कायमची नोकरी लागायच्या आधी कंपनीनं त्यांना दीडेक वर्ष अमेरिकेत ओहायोला धाडलं होतं. आई तेव्हा विशीच्या, हळद जेमतेम उतरलेली. नवरा दिवसभर कारखान्यात, बाहेर गुडघाभर बर्फ, आणि दुकानात जे उचलावं त्यात कुठला ना कुठला प्राणी. शाकाहारी बाईला निर्धास्त खाता येईल असं एकच सापडलं, मक्याच्या पोह्यांचं खोकं. आई ते सकाळी दुधात खायच्या, दुपारी ताकात खायच्या, आणि संध्याकाळी फोडणी देऊन दोघं मिळून खायची.

एक दिवस खोक्यात एक पुडी निघाली. आईंना वाटलं, मसाला असेल. फोडली तर आतून बाप्या निघाला.

बेसबॉल खेळणारा बाप्या. पत्त्यापेक्षा जरा लहान कार्ड, वर बारीक खाचाखाचांचं प्लास्टिक. जरासं तिरकं धरलं की मागचं मैदान सरकतं आणि बाप्या आपल्या अंगावर येतो. आई सांगतात, "अगं, दिवसभर बोलायला माणूस नाही. हा निदान हलत तरी होता."

पाठीमागे छापलं होतं, संच चौपन्नांचा. झालं. आईंनी खाण्याचा सपाटा लावला.

आता यात कुंकू कुठून आलं, ते सांगते. त्या वर्षी परदेशातला त्यांचा पहिला दसरा. शस्त्रपूजा करायची तर शस्त्र हवं. सासऱ्यांची हत्यारं कारखान्यात, पुस्तकं अजून बोटीवर, घरात धारदार म्हणावी अशी एक लोणी लावायची सुरी. आईंनी सगळीकडे पाहिलं आणि त्यांची नजर गेली खिडकीत ओळीनं उभ्या केलेल्या बाप्यांवर. हातात ही भलीथोरली दांडकी घेतलेले पुरुष! याहून शस्त्र आणखी काय असतं? पाटावर मांडले, हळदकुंकू वाहिलं. शस्त्राला लावायचं तर दांडक्याला लावायला हवं होतं, पण दांडकं बारीक आणि कपाळ मोठं. शिवाय सासरे म्हणाले, "पाहुण्याच्या काठीला कुंकू लावायचं आणि पाहुण्याला नाही, हे बरं दिसत नाही."

तेव्हापासून दर दसऱ्याला. डबल आलेल्यांनासुद्धा. पन्नास वर्षांचे थर चढलेत. एकेकाचं कपाळ असं झालंय, जसा काही देवीचा मुख्य पुजारीच दुपारचा वेळ काढून बॅटिंगला आलाय.

ब्रिस्टलला निघायची वेळ आली तेव्हा त्रेपन्न जमले होते. शेवटचा काही येईना. सासऱ्यांनी निरोपाच्या आठवड्यात तीन खोकी संपवली, त्यांचं पोट बिघडलं, आणि विमानात बसताना ते म्हणाले, "चौपन्नावा मी आणून देईन तुला. आत्ता फक्त माझ्यासमोर या पोह्यांचं नाव काढू नकोस."

ते राहूनच गेलं. तीन वर्षांपूर्वी सासरे गेले. आई आमच्याकडे राहायला आल्या तेव्हा त्यांनी दोन बॅगा आणल्या, आणि वेलदोड्याच्या वासाचा एक स्टीलचा डबा. डबा विमानात हातात धरावा तसा कारमध्ये मांडीवर धरून.

त्यांनी कधी काही मागितलं नाही. चहात साखर कमी पडली तरी सांगणार नाहीत. पण मागच्या उन्हाळ्यात मी साराला भरवत होते, तेव्हा समोर बसून म्हणाल्या, "मीनल, तुझ्या त्या फोनवर सगळं मिळतं म्हणे."

"काय हवंय, आई?"

"चौपन्नावा."

हे त्यांनी इतक्या हळू सांगितलं, की माझा चमचा साराच्या कानात गेला.

मग मी शोधायला लागले. जगात अशी कार्डं जमवणारे पुष्कळ बाप्ये आहेत, आणि ते एकमेकांशी घटस्फोट घेतल्यासारखे भांडत असतात. त्यांच्यातून वाट काढत मला सापडले ट्रेव्हर. मँचेस्टरचे, शाळेत भूगोल शिकवून रिटायर झालेले. त्यांच्याकडे चौपन्नावा होता, एक नाही, दोन. आणि त्यांच्या संचात जो नव्हता, तो आईंकडे डबल होता. इतकं सरळ जुळलेलं स्थळ मी आमच्या नात्यात पाहिलेलं नाही.

"मँचेस्टरला कार्डांचा मेळा आहे. तिथे ते येणारेत," मी सांगितलं.

सुहास, म्हणजे माझा नवरा, ब्रिस्टलमध्येच जन्मला. त्याचं मराठी प्रेमळ आहे पण त्यात बायका-पुरुष कुठेही बसतात. तो म्हणाला, "आई, तू सीरियसली जाणार? एवढा लांब ट्रेन आहे. मी ऑनलाइन मागवतो ना तुझा कार्ड."

"मागवायला तो काय पिझ्झा आहे?" आई म्हणाल्या. "घरात माणूस आणायचा तर बघायला जावं लागतं."

तर आम्ही निघालो. आई, मी, सारा, पुशचेअर, डबा. आईंनी जांभळी काठाची साडी नेसली, वर सासऱ्यांचं जाकीट. ट्रेनमध्ये तिकीट तपासणाऱ्यानं डब्याकडे पाहिलं. आईंनी अभिमानानं सांगितलं, "बेसबॉल." त्यानं साराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पुढे गेला.

मेळा एका चर्चच्या हॉलमध्ये होता. टेबलांच्या रांगा, प्रत्येक टेबलामागे एक गृहस्थ, प्रत्येक गृहस्थाकडे भिंग. हॉलभर एकही बाई नव्हती; चहा देणारी होती, ती आईंना बघून इतकी खूष झाली की तिनं साराला दोन बिस्किटं दिली. मग ती बिस्किटं मीच खाल्ली, कारण सारानं ती चाटून परत केली.

ट्रेव्हर उंच, वाळके, स्वेटरच्या आत टाय. हातात पांढरे सुती मोजे. आई सरळ त्यांच्यासमोर जाऊन म्हणाल्या, "ऑल्राइट, माय लव्हर?"

ट्रेव्हरचा चहा सांडला.

आता यात आईंचा दोष नाही. ब्रिस्टलमध्ये बसड्रायव्हरसुद्धा असंच म्हणतो, भाजीवालाही म्हणतो, आणि आई इंग्रजी तिथेच शिकल्या. मी घाईघाईनं म्हटलं, "त्या ब्रिस्टलच्या आहेत." ट्रेव्हर म्हणाले, "असं होय," आणि टाय सरळ केला. पुढे बराच वेळ ते आईंकडे बघताना कान लाल करूनच बघत होते.

पहिल्यांदा त्यांनी आपला चौपन्नावा काढला. पाकिटात पाकीट, त्यात कडक प्लास्टिकची डबी. तशी ती कार्डं वय झालं की वाकतात, तडकतात. हा मात्र ताठ होता. ट्रेव्हरनी तो चिमटीत धरून आईंच्या समोर जरासा तिरका केला. बाप्यानं एक पाय वर उचलला. परत तिरका केला. पाय खाली.

आईंनी एक बोट पुढे नेलं, मागे घेतलं. मग त्यांनी पदरानं चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "मीनल, याला मिशी नाही बघ."

"नाही ना."

"उगाच मी इतकी वर्षं मिशीवाला धरून चालले होते." आणि त्या हसल्या, तसं मी त्यांना सासरे गेल्यापासून हसताना पाहिलं नव्हतं.

मग आमची पाळी. आईंनी डबा उघडला.

ट्रेव्हर वाकले. वेलदोड्याचा वास त्यांना आवडला असावा, कारण एक क्षण चेहरा खुलला. मग तो मिटला. त्यांनी भिंग उचललं. पहिला बाप्या पाहिला, दुसरा पाहिला. शेजारच्या टेबलावरचा एक टकला गृहस्थही मान लांब करून बघायला लागला.

"हे काय झालंय यांना?" ट्रेव्हरनी विचारलं. डॉक्टर विचारतात तसं, हळू आवाजात.

"कुंकू," आई म्हणाल्या.

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना. वर्षातून एकदा."

"मुद्दाम?"

"चुकून कसं लागेल, इतकं मधोमध?"

टकला म्हणाला, "हे म्हणजे खून आहे." ट्रेव्हरनी त्याला हातानंच गप्प केलं. ते सभ्य गृहस्थ होते, शिवाय त्यांना न मिळालेला बाप्या त्या डब्यात पडला होता, लालभडक कपाळ घेऊन. खाचाखाचांत कुंकू असं मुरलेलं, की ते पुसणं ट्रेव्हरच्या बापालाही जमलं नसतं. त्यांनी त्याला बराच वेळ न्याहाळलं. मोजा काढला. परत घातला.

शेवटी म्हणाले, "हा मी असाच घेईन. पण माझा तुम्हाला देतो, त्याला हे करायचं नाही. मी त्याला चाळीस वर्षं ऊन लागू दिलं नाही. मला तुमचा शब्द हवा."

मी आईंना मराठीतून सांगितलं, सगळं त्यांना कळलं होतं तरी. आई म्हणाल्या, "मुलगी देतो पण कुंकू लावायचं नाही, ही अट मी पहिल्यांदाच ऐकतेय."

"आई, हो म्हणून टाका ना. दसऱ्याला ते काय आपल्या घरी बघायला येणारेत?"

"शब्द मागतोय तो."

"मग द्या आणि नका लावू. एकाला नाही लावलं तर काय बिघडलं?"

आईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी साराला उपाशी ठेवायला सांगितलंय. "त्रेपन्नांना वाढायचं, आणि शेवटच्या पानावर आलं की पातेलं उचलून आत जायचं? त्याच्याच समोर? असला पंक्तिप्रपंच माझ्याच्यानं नाही व्हायचा."

"ते कार्ड आहे हो, आई."

"मग मी काय भ्रमिष्ट आहे? मला माहितीये कार्ड आहे."

ट्रेव्हर बिचारे दोघींच्या तोंडाकडे आळीपाळीनं बघत होते. त्यांनी तोड काढली. कार्ड कायम प्लास्टिकच्या डबीत ठेवा, आणि काय लावायचं ते डबीवर लावा.

आई क्षणभर थांबल्या. मला वाटलं, जमलं. त्या मनात ते करून बघत होत्या, मला दिसत होतं. हात जरासा हललासुद्धा. मग मान हलवली. "रेनकोट घालून अभ्यंगस्नान. नको."

त्यांनी त्या बाप्याकडे शेवटचं पाहिलं. ट्रेव्हरना विचारून, मोजा न घालता, डबीच्या कडेला बोट लावून त्याला स्वतः एकदा तिरका केला. पाय वर. पाय खाली. आणि डबी ट्रेव्हरच्या बाजूला सरकवली.

"नीट सांभाळलायत," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "मी असते तर मीही माझ्यासारखीला दिला नसता."

ट्रेव्हरनी कार्ड उचललं नाही. माझा नंबर लिहून घेतला, कशासाठी ते त्यांनाही माहीत नसावं.

परतीच्या ट्रेनमध्ये मी चिडले होते. आईंवर नाही, एकूणच. एवढं शोधलं, तीन तास पुशचेअर ढकलली, ट्रेनच्या संडासात नॅपी बदलली, जिथे बाळ ठेवायच्या फळीवर कोणीतरी सँडविच ठेवून गेलं होतं. सारा आईंच्या मांडीवर झोपली, तोंड उघडं टाकून. आई तिचे मोजे काढत होत्या, परत घालत होत्या.

"खोटं बोलून आणला असता तरी आलाच असता की," मी म्हटलं.

"आला असता. मग दर दसऱ्याला मला त्याच्याकडे बघावं लागलं असतं." थोड्या वेळानं म्हणाल्या, "तुझ्या सासऱ्यांनी आणायचा होता. त्यांनी आणला नाही म्हणून मी कधी रागावले नाही. हा मात्र मी आज हातानं परत दिला. याचं जरा…"

त्यांनी साराचा मोजा चौथ्यांदा घातला. मी त्यांच्या हातातून तो घेतला आणि त्यांचा हात तसाच धरून ठेवला. आमच्यात असं काही करायची पद्धत नाही. बर्मिंगहॅम येईपर्यंत दोघी खिडकीबाहेर बघत बसलो.

मग दसरा आला. आमच्याकडे शस्त्रपूजेला काय काय येतं ते सांगितलं तर आमचे गुरुजी यायचे बंद होतील. सुहासचं ड्रिल, दोन लॅपटॉप, कारची किल्ली, एअर फ्रायर. सारा झाली त्या वर्षी आईंनी माझा ब्रेस्टपंपसुद्धा पाटावर ठेवला होता, वर झेंडूचं फूल. "घरात सगळ्यात जास्त राबतंय कोण?" असं त्यांचं म्हणणं. मी तेव्हा इतकी रडले, की सुहासला वाटलं पंप बिघडला.

या वर्षी बाप्ये मांडायला आई सकाळीच बसल्या. डबल आलेले बाजूला ठेवून नवाच्या ओळी लावल्या. पाच ओळी भरल्या, सहाव्या ओळीत आठच. ही रिकामी जागा दर वर्षी असायचीच, पण दर वर्षी ती कोणाचीच नव्हती. आता तिला चेहरा होता. आई निरांजन लावायचं सोडून तिच्याकडे बघत राहिल्या.

"आई, मी त्या माणसाला फोन करू का?" सुहास म्हणाला. "मी प्रॉमिस करतो त्याला. तू नाही केलास प्रॉमिस, मी केली. टेक्निकली तू मोकळी."

"कसला वकील झालाय हा," आई म्हणाल्या, पण हसल्या नाहीत. मग एकाएकी उठल्या. स्वयंपाकघरात गेल्या, पूजेच्या सामानाचा कप्पा उघडल्याचा आवाज आला. बाहेर आल्या तेव्हा मुठीत काहीतरी होतं. त्यांनी ते रिकाम्या जागेवर ठेवलं.

सुपारी.

सुहास बघतच राहिला. "आई. दॅट्स चीटिंग."

"का? गणपती घरात नसला की सुपारी ठेवतोच ना? नवग्रह काय आकाशातून येऊन बसतात पाटावर? बायको गेलेला माणूस पूजेला बसला तरी शेजारी सुपारी ठेवतात, आणि ती बायको म्हणून चालते. एवढे सगळे सुपारीत मावतात, मग ओहायोचा एक बाप्या नाही मावणार?"

मी म्हटलं, "मावेल की. मिशी पण नाहीच आहे."

आईंनी कुंकवाचा करंडा हातात घेतला, आणि माझा फोन वाजला. ट्रेव्हर. मी स्पीकरवर टाकला.

ते भूगोलाच्या मास्तरांसारखं, मुद्द्याला लांबून येत बोलले. हवा, ट्रेनचा संप, साराची तब्येत. मग म्हणाले, ते तेव्हापासून विचार करतायत. त्यांना रात्रीची नीट झोप नाही. चौपन्नावा ते द्यायला तयार आहेत. फक्त एक विनंती, काय लावायचं ते कार्डाच्या पाठीमागे लावावं, आकडे छापलेत तिथे.

खोलीत कोणी हललं नाही. सारासुद्धा, म्हणजे ती माझ्या पायाशी बसून झेंडू खात होती, पण शांतपणे. सुहासनं आईंकडे बघून जोरजोरात मान हलवली, हो म्हण, हो म्हण.

आईंनी सुपारीकडे पाहिलं. मग फोनकडे. त्यांच्या चेहऱ्यावर इतकं काही येऊन गेलं, की मला वाटलं, आता त्या हो म्हणणार, आणि मीही त्यांना हो म्हणू दिलं असतं.

"ट्रेव्हर," त्या म्हणाल्या, "कपाळ पाठीमागे असतं का?"

तिकडे चहाचा कप बशीवर टेकला.

"तुम्ही चांगले आहात. पण माझा संच पुरा झाला."

"काय?" ट्रेव्हरचा आवाज एकदम चढला. "चौपन्नावा मिळाला? कुणाकडून? त्या टकल्या डेरेककडून? त्याचा खोटा आहे, मी सांगतो तुम्हाला!"

"डेरेककडून नाही. घरातच होता."

"घरात! पन्नास वर्षं?" मग कार्डवाल्या माणसाला जो प्रश्न विचारल्यावाचून राहवत नाही तो त्यांनी विचारला, खालच्या आवाजात, मत्सर लपवत. "कंडिशन कशी आहे?"

आईंनी सुपारी उचलली. चिमटीत धरली, उजेडाकडे नेली, जरासा तिरपा हात करून सगळीकडून नीट पाहिली.

"जरा सुरकुतलेला आहे," त्या म्हणाल्या. "पण कुठे तडा नाही. आणि चांगला कडक आहे."

ट्रेव्हरनी एक मोठा श्वास घेतला. "मी बघायला येऊ शकतो का?"

"या की. जेवायलाच या. मोजे काढून जेवावं लागेल."

त्यांनी फोन ठेवायची खूण केली. मी फोन ठेवला. आईंनी सुपारी परत जागेवर ठेवली, ओळीला धरून, जरा डावीकडे, जरा पुढे. मग करंड्यात बोट बुडवलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली, एकेक कपाळ, न चुकता, शेवटपर्यंत.